पुढच्या पाच वर्षांचा आराखडा : एका संस्थेच्या नियोजनाचा अनुभव

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना प्रशिक्षण आणि आधार देणे हे आमच्या संस्थेचे काम आहे. पगारी कर्मचारी थोडे, स्वयंसेवक बरेच, एक मोठा देणगीदार आणि बाकी लहानसहान देणग्या, अशी तिची रचना आहे. जुना पंचवार्षिक आराखडा संपत आला तेव्हा पुढचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी कार्यकारिणीने माझ्याकडे दिली. त्या काळात नियोजनाच्या ज्या निरनिराळ्या पद्धती आम्ही वापरून पाहिल्या, त्यांपैकी कोणती कुठे उपयोगी पडली आणि कोणती कुठे अपुरी ठरली, याची ही नोंद आहे.

सुरुवात मी जुन्या आराखड्यापासून केली. तो आणि त्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल शेजारी ठेवून वाचले, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. जी उद्दिष्टे मोजता येण्याजोगी होती ती अहवालांत शेवटपर्यंत टिकली होती आणि जी मोजायला अवघड होती त्यांचा उल्लेख दुसऱ्या वर्षानंतर आढळत नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. कार्यकर्त्यांचा आज सर्वाधिक वेळ ज्या कामात जातो, त्या दूरध्वनीवरून द्यावयाच्या मार्गदर्शनाबद्दल आराखड्यात एक ओळही नव्हती. प्रशिक्षण संपलेल्या कुटुंबांचे संध्याकाळी येणारे फोन एका कार्यकर्तीने घ्यायला सुरुवात केली, मग इतर दोघी-तिघी तिच्या मदतीला आल्या, पुढे पाळ्या लागल्या आणि अखेरीस अंदाजपत्रकात त्या कामाचे वेगळे शीर्षक तयार झाले. संस्थेच्या दिशेत झालेला सर्वांत मोठा बदल कोणीही बैठकीत ठरवलेला नव्हता.

व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग आणि जेम्स वॉटर्स यांनी 1985 मध्ये नेमक्या याच प्रकाराची मांडणी केली होती. संस्थेने ठरवलेल्या धोरणाचा काही भाग प्रत्यक्षात येतो, काही वाटेतच गळून जातो, आणि प्रत्यक्षात दिसणाऱ्या धोरणाचा बराचसा भाग कोणी न ठरवता कामातून उगवलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. 1965 च्या सुमारास इगोर अ‍ॅन्सॉफ यांनी ज्या औपचारिक नियोजनाचा पाया घातला, त्यात उद्दिष्ट, विश्लेषण, पर्याय आणि अंमलबजावणी असा सरळ क्रम गृहीत धरलेला असतो. बाहेरची परिस्थिती बऱ्यापैकी स्थिर असेल आणि वर घेतलेला निर्णय खालपर्यंत जसाच्या तसा पोहोचत असेल, तर तो क्रम चालतो. आमच्याकडे या दोन्ही अटी पूर्ण होत नव्हत्या.

पहिल्या बैठकीत तीन प्रकारच्या मागण्या पुढे आल्या. उद्योगक्षेत्रातून निवृत्त झालेल्या एका विश्वस्तांना स्पष्ट लक्ष्ये आणि ती तपासण्याची चौकट हवी होती. 1992 मध्ये रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी मांडलेले बॅलन्स्ड स्कोअरकार्ड त्यांनी सुचवले, ज्यात आर्थिक बाजूबरोबरच लाभार्थी, अंतर्गत कार्यपद्धती आणि शिकण्याची क्षमता या बाजूंचीही मोजदाद होते. घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की, लक्ष्ये ठरवण्याआधी आमच्याकडे काय साचले आहे ते ऐकून घ्या. संस्थेत नुकत्याच आलेल्या एका सहकाऱ्याच्या मते पाच वर्षांचा आराखडा हीच कालबाह्य गोष्ट होती. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी 1970 च्या दशकात रुजवलेली आणि जॉन डोअर यांनी 1999 मध्ये गूगलमध्ये नेलेली ओकेआर पद्धत, म्हणजे दर तिमाहीला थोडी उद्दिष्टे आणि त्यांचे मोजता येणारे परिणाम, एवढीच त्याला पुरेशी वाटत होती.

तिन्ही मागण्या वाजवी होत्या, पण त्या तीन निरनिराळ्या प्रश्नांना उत्तरे देत होत्या. दिशा ठरलेली असेल तर तिच्यावर लक्ष कसे ठेवायचे, हे पहिली मागणी सांगत होती. संस्थेच्या आत असलेले ज्ञान वर कसे आणायचे, याचा मार्ग दुसरीत होता. कामाचा वेग कसा राखायचा, हे तिसरीत होते. मात्र मोठा देणगीदार उद्या बाजूला झाला किंवा शुश्रूषेची सेवा शासनाने स्वतःच द्यायला घेतली, तर आमचे काम काय उरेल, हा प्रश्न त्यांपैकी कोणतीही पद्धत विचारत नव्हती. म्हणून ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती’ हा वाद मी थांबवला आणि आपल्याला नेमके काय माहीत नाही याची यादी करायला घेतली. एका सल्लागाराने दोन दिवसांच्या कार्यशाळेसह तयार आराखडा देण्याचा प्रस्ताव याच सुमारास पाठवला होता. त्याच्या अहवालातली प्रकरणे आमच्याशी एक शब्दही बोलण्यापूर्वीच ठरलेली होती, त्यामुळे तो नाकारायला फारसा वेळ लागला नाही.

सवयीचा मार्ग म्हणून स्वॉट विश्लेषण आधी केले. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचे चार रकाने रंगीत चिठ्ठ्यांनी लवकरच भरले, आणि तिथेच त्या पद्धतीची मर्यादा उघडी पडली. ‘अनुभवी संस्थापक’ ही चिठ्ठी बलस्थानांतही होती आणि ‘सर्व निर्णय संस्थापकांवर अवलंबून’ अशा शब्दांत उणिवांतही होती. दोन्ही खऱ्या होत्या, परंतु त्या वेगवेगळ्या रकान्यांत असल्यामुळे त्यांचा परस्परसंबंध चर्चेत येईना. स्वॉटने बहुतेक संस्थांत हेच होते असे माझे मत झाले आहे. यादी तयार होते, तिचे छायाचित्र काढले जाते, ते अहवालाला जोडले जाते आणि निर्णय मात्र यादीशी संबंध न ठेवता होतात.

1982 मध्ये हाइन्झ वाइरिख यांनी सुचवलेली जोड्या लावण्याची रीत वापरल्यावर त्या यादीतून थोडे काम निघाले. तिच्यात प्रत्येक बलस्थान आणि उणीव प्रत्येक संधी आणि धोक्यासमोर ठेवून ‘या दोन्ही एकत्र आल्या तर आपण काय करावे’ असे विचारायचे असते. कुटुंबांचा आमच्यावरचा विश्वास हे बलस्थान आणि एकाच देणगीदारावरचे अवलंबन हा धोका समोरासमोर आल्यावर, आपण या कुटुंबांकडे आर्थिक पाठिंबा कधी मागितलाच नाही, हे प्रथमच स्पष्ट बोलले गेले. त्यावर कडाक्याची चर्चा झाली. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांच्याकडून पैसे घेण्याची कल्पनाच काहींना अयोग्य वाटत होती. मुद्दा त्या दिवशी सुटला नाही, पण नोंदवला गेला.

कार्यकर्त्यांच्या मागणीला उत्तर म्हणून पुढची फेरी अ‍ॅप्रिसिएटिव्ह इन्क्वायरीची घेतली. डेव्हिड कूपरराइडर आणि सुरेश श्रीवास्तव यांनी 1987 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत काय बिघडले आहे इथून सुरुवात न करता काय उत्तम चालते आणि ते कशामुळे, याचा शोध घेतात. दोघादोघांच्या जोड्या करून एकमेकांची मुलाखत घ्यायची आणि आपले काम सर्वांत चांगले झाले तो प्रसंग सविस्तर सांगायचा, अशी रीत आहे. एरवी बैठकीत गप्प बसणारी माणसे यात मोकळेपणाने बोलली. ऐकलेल्या प्रसंगांत एक धागा वारंवार आला : आम्ही शिकवलेल्या एखाद्या मुलीने किंवा सुनेने शेजारच्या घरातल्या नव्या रुग्णाच्या कुटुंबाला कूस कशी बदलावी, त्वचेवर जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, हे स्वतःहून शिकवले होते. आमच्या कोणत्याही अहवालात याची नोंद नव्हती, कारण नोंद ठेवायचा रकानाच नव्हता. पुढे आराखड्याचा कणा झालेली कल्पना, म्हणजे कुटुंबांनीच कुटुंबांना शिकवावे आणि आम्ही त्यांच्या पाठीशी राहावे, ती या मुलाखतींतून आली.

तरीही या पद्धतीबद्दल मला एक शंका राहिली आणि ती अजून गेलेली नाही. चांगले प्रसंग सांगण्याच्या त्या वातावरणात थकव्याबद्दल कोणी बोलले नाही. सतत मृत्यू जवळून पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मनावर काय ताण येतो, काम सोडून गेलेल्यांनी ते का सोडले, हे प्रश्न त्या खोलीत विचारणे रसभंग केल्यासारखे झाले असते. ते मी नंतर एकेकाला स्वतंत्रपणे भेटून विचारले, आणि मिळालेली उत्तरे मुलाखतींतल्या सगळ्या प्रसंगांइतकीच आराखड्याला आवश्यक होती. प्रश्न सकारात्मक ठेवल्याने माणसे बोलती होतात हे खरे, पण ती कोणत्या विषयावर बोलती होतात हेही त्याच प्रश्नाने ठरते.

विश्वस्त मंडळाची अडचण वेगळी होती. संस्थापकांसमोर त्यांच्या मताविरुद्ध बोलायचे नाही, हा अलिखित नियम सगळेच पाळत. यासाठी 1950 च्या दशकात रँड या अमेरिकी संशोधनसंस्थेत ओलाफ हेल्मर, नॉर्मन डाल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली डेल्फी पद्धत छोट्या प्रमाणात वापरली. प्रत्येकाने नाव न घालता लेखी उत्तरे द्यायची, त्यांचा गोषवारा सर्वांना पाठवायचा, आणि इतरांची मते व कारणे वाचून प्रत्येकाने आपले उत्तर हवे तर बदलायचे, अशी तिची पद्धत आहे. संस्थापकांनंतर नेतृत्वाचे काय, हा प्रश्न आपल्याला तातडीचा वाटतो असे बहुसंख्य विश्वस्तांनी लिहिले, आणि तसे लिहिणाऱ्यांत स्वतः संस्थापकही होते, हे त्यांनीच नंतर हसत सांगितले. समोरासमोर बसून हे कळायला किती काळ गेला असता, कोण जाणे.

सर्वाधिक वेळ आणि कष्ट शक्यताचित्रांना, म्हणजे सीनारिओ प्लॅनिंगला लागले, आणि माझ्या मते ते सार्थकी लागले. या पद्धतीचे नेहमी सांगितले जाणारे उदाहरण शेल या तेलकंपनीचे आहे. पिएर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तेलपुरवठ्याबाबत निरनिराळी चित्रे मांडली होती, त्यांपैकी एक उत्पादक देशांनी पुरवठा आवळण्याचे होते. ऑक्टोबर 1973 मध्ये तेलसंकट आले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव सुमारे चौपट झाला, तेव्हा ही शक्यता ज्यांच्या विचारात आधीच येऊन गेली होती अशा मोजक्या कंपन्यांत शेल होती. हे उदाहरण भाकीत खरे ठरल्याची गोष्ट म्हणून सांगितले जाते ते मला पटत नाही. वाक यांनी स्वतः 1985 मध्ये लिहिताना भर दिला तो निर्णय घेणाऱ्यांच्या मनातले जगाचे चित्र बदलण्यावर. ते बदलले नाही तर उत्तम चित्रेही कागदावरच राहतात, हा त्यांचा मुद्दा आम्हाला पहिल्या प्रयत्नातच अनुभवास आला. आम्ही आधी ‘चांगले भविष्य, वाईट भविष्य आणि मधले’ अशी तीन चित्रे काढली आणि सगळ्यांनी निःशंकपणे मधले उचलले. त्यामुळे कोणाच्याही विचाराला धक्का बसला नाही.

मग आम्ही दोन अनिश्चिततांवर आलो, ज्या आमच्या हातात नव्हत्या आणि ज्यांचा परिणाम मोठा होता. घरच्या शुश्रूषेची जबाबदारी शासन स्वीकारेल की ती कुटुंबांवरच राहील, ही एक. देणग्यांचा ओघ मोजक्या मोठ्या संस्थांकडून येत राहील की तो लहान लहान दात्यांत विखुरला जाईल, ही दुसरी. या दोन अक्षांच्या छेदातून चार चित्रे तयार झाली. प्रत्येक गटाने आपल्याला दिलेल्या चित्रातला पाच वर्षांनंतरचा संस्थेचा एक साधा कामकाजाचा दिवस लिहून काढला : सकाळी पहिला फोन कोणाचा येतो, पगार कशातून होतो, नवा कार्यकर्ता कुठून मिळतो. ही बारकाव्याची अट महत्त्वाची होती. ‘निधीची टंचाई’ असे लिहिणे सोपे असते, परंतु त्या टंचाईत कोणाची नेमणूक रद्द होते हे लिहायला घेतले की विचार खरा सुरू होतो.

शासनाने सेवा सुरू केली आणि मोठे देणगीदार त्या सेवेकडेच वळले, हे चित्र सगळ्यांना भीतिदायक वाटत होते. त्या गटाने मात्र सादरीकरणात शांतपणे विचारले की, रुग्णांच्या दृष्टीने हे चारांतले सर्वांत चांगले भविष्य नाही का? संस्थेचे भले आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचे भले या दोन गोष्टी आम्ही एकच धरून चाललो होतो. त्या प्रश्नानंतर चर्चेचा सूर पालटला. शासकीय सेवा आली तर तिचे कर्मचारी प्रशिक्षित करणे हे आमचे काम असू शकते, असा विचार त्याच दुपारी मांडला गेला.

त्यानंतर प्रत्येक प्रस्तावित निर्णय चारही चित्रांत ठेवून तपासला. कुटुंबांनी कुटुंबांना शिकवण्याची योजना चारही ठिकाणी टिकत होती, म्हणून ती पक्की झाली. स्वतःची इमारत बांधण्याची अनेक वर्षांची इच्छा केवळ एका चित्रात शहाणपणाची ठरत होती, म्हणून ती पुढे ढकलली. दूरध्वनी मार्गदर्शन तीन चित्रांत आवश्यक होते आणि चौथ्यात ते दुसऱ्या कोणाकडे सोपवण्याजोगे होते. कोणते चित्र जवळ येत आहे हे ओळखण्यासाठी काही खुणाही ठरवल्या : शासकीय अंदाजपत्रकातली तरतूद, देणगीदारांच्या अर्जातली बदलती भाषा, स्वयंसेवकांचे सरासरी वय.

थिअरी ऑफ चेंजची कसरत त्यामानाने लवकर उरकली. 1995 मध्ये कॅरोल वाइस यांच्या लेखनामुळे या विचाराला चालना मिळाली. अंतिम परिणामापासून मागे येत, प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला कशी कारण होते आणि त्यामागे कोणते गृहीतक आहे, हे लिहायचे असते. आम्ही भेटींची संख्या मोजत होतो, तर अंतिम परिणाम कुटुंबाची स्वतंत्रपणे शुश्रूषा करण्याची क्षमता हा होता, आणि या दोहोंना जोडणाऱ्या पायरीचे कोणतेही मोजमाप आमच्याकडे नव्हते. ते आता घेतो : प्रशिक्षणानंतर काही आठवड्यांनी कार्यकर्ती घरी जाऊन कुटुंबीयांना कृती करून दाखवायला सांगते. देणगीदाराला मात्र अजूनही लॉगफ्रेमचा तक्ता लागतो. अमेरिकी शासनाच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी 1969 मध्ये तयार झालेला, उद्दिष्टे, कामे आणि त्यांची मोजमापे चौकटींत मांडणारा तो तक्ता आजही अनेक देणगीदारांच्या अर्जांना जोडलेला असतो. आम्ही तो शेवटी, बाकी विचार झाल्यावर भरला. आधी भरला असता तर विचारही त्याच चौकटींत झाला असता.

मसुदा मंजुरीला ठेवण्यापूर्वी गॅरी क्लाइन यांनी 2007 मध्ये लिहिलेली प्री-मॉर्टेमची रीत वापरली. आराखडा पूर्णपणे फसला आहे असे समजायचे आणि तो का फसला याची कारणे प्रत्येकाने लिहायची. सर्वांत जास्त वेळा आलेले कारण होते, ‘नवीन काम सुरू केले, पण जुने काहीच थांबवले नाही.’ यावरून थांबवायच्या कामांची यादी मसुद्यात आली, आणि खरा कस तिथे लागला. उद्दिष्टांवर एकमत होणे सोपे होते, पण वार्षिक मेळावा बंद करण्यावर, ज्यात अनेकांची भावनिक गुंतवणूक होती, ते होईना. अखेर तो दर दोन वर्षांनी घ्यावा असे ठरले. मला तो पूर्ण बंद झालेला हवा होता.

मंजूर झालेला आराखडा जुन्याच्या तुलनेत बराच पातळ आहे. पहिल्या भागात जे बदलणार नाही ते आहे. दुसऱ्यात नवीन प्रस्ताव आला तर तो कोणत्या कसोट्यांवर तपासायचा ते लिहिले आहे : त्यातून कुटुंबाची क्षमता वाढते का, तो चारांपैकी किमान तीन चित्रांत टिकतो का, आणि त्यासाठी कोणते काम थांबवणार. तिसऱ्या भागात केवळ एका वर्षाची लक्ष्ये आहेत आणि ती विश्वस्तांच्या स्कोअरकार्डच्या चौकटीत बसवली आहेत, तर कार्यकर्त्यांचे गट आपली तिमाही उद्दिष्टे नव्या सहकाऱ्याने सुचवलेल्या पद्धतीने ठरवतात. आराखड्यात नसलेले पण कामातून उगवलेले काही असेल, तर तिमाही बैठकीत त्यासाठी पहिला अर्धा तास राखून ठेवला आहे. त्या अर्ध्या तासात आतापर्यंत आलेल्या विषयांपैकी बहुतेक बाजूला पडले. एक राहिला आहे : मृत्यूनंतर त्याच कुटुंबाला काही महिने भेटत राहण्याचा. तो तिसऱ्या कसोटीवर अडला आहे, कारण त्यासाठी कोणते काम थांबवायचे हे अजून कोणी सांगितलेले नाही.